द्राक्षारिष्टाची चव आणि फ्रान्सची तळघरे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात रसांची लक्षणे सांगितली आहेत, ती आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत मुखोद्गत केलेली आहेत. कषाय रस जिभेस जडत्व व स्तंभ आणतो, कंठ आवळल्यासारखा करतो. अम्ल रसाने दात शिवशिवतात व तोंडास पाणी सुटते. मधुर रस मुखाला लेप केल्याप्रमाणे व्यापून राहतो. परीक्षेत या प्रश्नास गुणही चांगले पडत. तथापि पदवी घेऊन व्यवसायात स्थिरावल्यावर, आपण नित्य लिहून देत असलेल्या आसवारिष्टांपैकी एखादी बाटली उघडून, दोन थेंब जिभेवर ठेवून, त्या लक्षणांचा पडताळा आपल्यापैकी किती जणांनी घेतला असेल? इतरांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. मी घेतला नव्हता. सोळा वर्षे चिकित्सा केल्यानंतर या गोष्टीची लाज मला वाटली, आणि ती वाटली फ्रान्समधील एका मद्याच्या तळघरात. त्याविषयी चार शब्द लिहावयाचे योजिले आहे. मद्याचे नाव निघताच काही ज्येष्ठांच्या कपाळास आठ्या पडतील याची कल्पना आहे. त्यांनी लेख अखेरपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.

प्रथम घरचे सांगतो. माझा दवाखाना तासगावात आहे. हा प्रदेश द्राक्षांचा आणि बेदाण्याचा. २०१७ साली एका बागायतदार कुटुंबातील वृद्ध बाई जीर्ण कास व मलावष्टंभ घेऊन माझ्याकडे येत असत. त्यांना मी अन्य औषधांबरोबर द्राक्षारिष्ट दिले होते. पहिल्या बाटलीने त्यांना बरे वाटले. दुसरी बाटली नेल्यावर आठ दिवसांनी त्या आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यात द्राक्षाचा पत्ताच न्हाई. काकवीचं आंबट पाणी हाय निस्तं." मी हसून म्हणालो, "आजी, औषध काही जिभेच्या चोचल्यासाठी नसतं. घेत राहा." पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षे तोडणाऱ्या, वाळवणाऱ्या आणि बेदाण्याची प्रत हातावर घेऊन ठरवणाऱ्या बाईंना, द्राक्षाच्या चवीविषयी मी हे सांगितले! त्या आज्ञाधारकपणे घेत राहिल्या. तीन आठवड्यांनी घशाशी जळजळ, छातीत दाह आणि आंबट ढेकरा यांनी त्या हैराण झाल्या व माझ्याकडे येईनाशा झाल्या. त्यांचा नातू उरलेली बाटली घेऊन आला, ती माझ्या टेबलावर ठेवून काही न बोलता निघून गेला. त्या दिवशी मी बूच काढून वास घेतला. ते शुक्त झाले होते. शुद्ध मराठीत, शिरका.

ज्या औषधनिर्मात्याचे ते होते त्यास मी पत्र लिहिले. उत्तर आले की, वनस्पतिजन्य औषधांत ऋतुमानानुसार थोडाफार फरक पडतोच, त्यामुळे गुणवत्तेस बाधा येत नाही. मी तो कागद फायलीत लावला. त्या उत्तरात नेमके काय चुकले आहे हे मला तेव्हा शब्दांत मांडता आले नसते.

२०१८ च्या ऑक्टोबरात माझे मेहुणे नोकरीनिमित्त लियों शहरी असताना मी त्यांच्याकडे पंधरा दिवस राहिलो. त्यांनी मला बर्गंडी प्रांतातील बोन या गावी नेले. वैद्याने तेथे जावे याचे कारण मद्य नव्हे, तेथील रुग्णालय. १४४३ साली बर्गंडीच्या ड्यूकचा चॅन्सलर निकोला रोलँ व त्याची पत्नी गिगोन यांनी दरिद्री रुग्णांसाठी ते स्थापन केले. रंगीत कौलांचे उतरते छप्पर, लाकडी पलंगांची लांबच लांब रांग, आणि एका दालनात जुनी औषधशाळा: चिनी मातीच्या बरण्या, खल, तराजू. आपल्याकडील एखाद्या जुन्या वैद्यघराण्याच्या माडीवर आल्यासारखे वाटले. या रुग्णालयास शतकानुशतके लोकांनी द्राक्षमळे दान दिले. आज त्याच्याकडे सुमारे साठ हेक्टर मळे आहेत. १८५९ पासून त्या मळ्यांतील मद्याचा जाहीर लिलाव होतो आणि उत्पन्न रुग्णसेवेस जाते. आता रुग्ण नव्या इमारतीत असतात, परंतु लिलाव दर नोव्हेंबरात चालूच आहे.

तेथून जवळच एका जुन्या तळघरात आम्ही गेलो. तळघर सांभाळणारे गृहस्थ सत्तरीचे असावेत. मेहुणे दुभाष्याचे काम करीत होते. मी वैद्य आहे आणि मद्यपान करीत नाही असे सांगितल्यावर ते म्हणाले, "उत्तम, येथे कोणी पीत नाही, येथे थुंकतात." खरोखरच प्रत्येक पिंपाजवळ थुंकण्याचे भांडे होते. घोटभर द्रव तोंडात घ्यायचा, थोडा वारा ओढून तो मुखात सर्वत्र खेळवायचा, हिरड्या, गाल, टाळू यांना स्पर्श होऊ द्यायचा आणि टाकून द्यायचा. मला तत्काळ कवलाची आठवण झाली. द्रव्य तेच नसेल, विधी मात्र आपल्या घरचा वाटला.

त्यांनी दोन पेले भरले. दोन्ही पिनो नुआर या एकाच जातीच्या काळ्या द्राक्षाचे, एकाच सालचे. एक पोमार गावचे, दुसरे व्होलने गावचे. ही गावे शेजारी-शेजारी आहेत, शिवेला शिव लागून. पहिले तोंडात घेताच जीभ जड झाली, हिरड्या आवळल्या, गालांच्या आतील बाजूस खरखर लागली. दुसरे मऊ, रेशमासारखे. आवळणे अगदी शेवटी, पुसट. त्यांनी विचारले, काय फरक वाटला? माझ्या तोंडून निघाले, "कषाय." मेहुण्यांना त्याचे भाषांतर शोधावे लागले, पण मला लागले नाही. चरकाचार्यांनी जे लक्षण सांगितले ते प्रथमच, कुणी पाठ करून न घेता, माझ्या जिभेवर उमटले होते. तीस मैलांवर नव्हे, हाकेच्या अंतरावर भूमी बदलली, मातीतील चुनखडी व चिकणमातीचे प्रमाण बदलले, आणि त्याच द्राक्षाचा अनुरस वेगळा झाला. देशविचार आपण कल्पस्थानात वाचतो. तेथे लोक तो बाटलीवर छापतात. बर्गंडीतील अशा बाराशेहून अधिक लहान-लहान भूखंडांना त्यांच्या नावासह २०१५ साली युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले आहे.

मग त्या गृहस्थांनी कोपऱ्यातून एक बाटली आणली आणि काही न सांगता माझ्या हाती पेला दिला. नाकाशी नेताच मी तो मागे घेतला. तो वास मला पूर्ण परिचित होता: तासगावातील माझ्या टेबलावरच्या त्या बाटलीचा. ते म्हणाले, "ही बिघडलेली आहे. नव्या मुलांना शिकवण्यासाठी ठेवली आहे. चांगले ओळखण्याआधी वाईट ओळखता आले पाहिजे." नंतर त्यांनी एक वाक्य सांगितले ते मी त्याच रात्री लिहून ठेवले. त्याचा आशय असा की, सालासालात फरक असतो तो ऋतूचा, आणि बाटलीत दोष असतो तो माणसाचा. जो दोषाला फरक म्हणतो त्याच्याकडून काही विकत घेऊ नये.

औषधनिर्मात्याच्या त्या पत्राचे उत्तर मला मिळाले होते.

आता थोडे विस्ताराने. फ्रेंच लाल मद्याच्या आस्वादकांनी व संग्राहकांनी दीड-दोन शतकांत जे उभे केले आहे, त्याकडे आपण श्रीमंतांची चैन म्हणून पाहतो. त्यात चैन आहे, दांभिकताही आहे. त्याबद्दल पुढे लिहितो. परंतु त्याच्या मुळाशी एक शिस्त आहे. १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या इच्छेवरून बोर्दो प्रांतातील मद्यांची पाच श्रेणींत वर्गवारी झाली. प्रथम श्रेणीत लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ ही चार घराणी आली. (यातील लातूरचा आपल्या लातूरशी काही संबंध नाही, हे मराठवाड्यातील बंधूंच्या माहितीसाठी.) तेव्हापासून त्या प्रथम श्रेणीत एकच भर पडली, ती १९७३ साली मुतों रोथशिल्डची. वर्गवारी दलालांनी अनेक वर्षांच्या बाजारभावांवरून केली होती, म्हणजे ती काही शास्त्रीय परीक्षा नव्हती. खरी शास्त्रीय पायाभरणी पाश्चरने केली. मद्ये का बिघडतात हे शोधण्याचे काम त्याच्याकडे १८६३ साली सोपविण्यात आले, आणि १८६६ साली त्याचा मद्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. शर्करेचे मद्य एका प्रकारचे जीव करतात आणि वायूच्या संपर्कात मद्याचे शुक्त दुसऱ्या प्रकारचे जीव करतात, हे त्याने दाखविले. आपल्या संधानपात्राच्या तोंडावरील कापडमातीचा लेप कशासाठी असतो याचे याहून सोपे स्पष्टीकरण मला माहीत नाही. विसाव्या शतकात बोर्दोच्याच एमिल पेनो या संशोधकाने चवीच्या शास्त्रावर १९८० साली ग्रंथ लिहिला आणि शेकडो मद्यशाळांना स्वच्छ पिंपे, पिकलेली द्राक्षे व तापमानाचे नियंत्रण यांचे महत्त्व पटवून दिले. म्हणजे प्रयोगशाळा आली म्हणून जीभ निवृत्त झाली नाही. दोन्ही एकमेकींना तपासू लागल्या.

आपल्याकडे २००० साली औषधनिर्मितीच्या उत्तम पद्धतींचे नियम आले. फरश्या बसल्या, टोप्या आल्या, नोंदवह्या आल्या. हे सर्व योग्यच झाले. पण मला भेटलेल्या अनेक निर्मात्यांच्या शाळेत रस, गंध व वर्ण यांच्या रकान्यात 'समाधानकारक' एवढाच शब्द वर्षानुवर्षे लिहिलेला असतो. समाधान कोणाचे, कशाशी तुलना करून?

शार्ङ्गधरांच्या द्राक्षारिष्टाचा पाठ डोळ्यांपुढे आणा. अर्धी तुळा द्राक्षे, दोन तुळा गूळ, आणि दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र, नागकेशर, प्रियंगु, मिरी, पिंपळी, विडंग यांचा प्रक्षेप. गूळ द्राक्षांच्या चौपट आहे. तेव्हा मधुर रस पुढे असणार हे उघड आहे. त्यामागे द्राक्षाचा स्वतःचा गंध ओळखू यावा, घशाशी उतरताना मिरी-पिंपळीचा कटू स्पर्श लागावा, आणि पेला रिकामा झाल्यावर वेलदोडा-तमालपत्राचा परिमळ त्यात शिल्लक राहावा. फ्रेंच लोक चव किती काळ टिकते हे सेकंदांत मोजतात आणि त्या एककास त्यांनी स्वतंत्र नाव दिले आहे: कोदाली. आपल्याकडे अनुरस हा शब्द हजारो वर्षांपासून आहे. तो मोजण्याची सवय मात्र आपण मोडली. गूळ महाग पडला, द्राक्षे त्याहून महाग पडली, काकवी वाढली, प्रक्षेप नावापुरता राहिला. हे सर्व जिभेला कळते. कळू नये म्हणून वरून सुगंधी अर्क घालणारेही असतात. तेव्हा प्रत्येक बाटली एकसारखी लागते आणि ग्राहक खूश होतो. माझ्या मते शुक्त झालेल्या बाटलीइतकाच हाही दोष गंभीर आहे, कारण पहिला दोष निदान उघड तरी होतो.

जीभ फसते, हा आक्षेप मला मान्य आहे. २००१ साली बोर्दोच्याच संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मद्यशास्त्राच्या चोपन्न विद्यार्थ्यांना त्यांनी पांढरे मद्य गंधहीन लाल रंग मिसळून दिले. विद्यार्थ्यांनी त्याचे वर्णन लाल मद्याच्या शब्दांत केले. डोळ्यांनी नाकाला चकविले. यावरून चवीचे सर्व शास्त्र थोतांड आहे असा निष्कर्ष काहीजण काढतात. मला उलट वाटते. आपली कुठे फसगत होते हे त्यांनी स्वतःच्याच शाळेत तपासून छापले, आणि म्हणूनच ते गंभीर परीक्षा लेबल झाकून घेतात. १९७६ साली पॅरिस येथे अशाच झाकलेल्या परीक्षेत फ्रेंच परीक्षकांनी कॅलिफोर्नियाच्या लाल मद्यास आपल्या नामांकित घराण्यांहून वरचा क्रमांक दिला. केवढी नामुष्की झाली! तरीही पद्धत मोडली नाही. आपल्या संघटनेच्या एखाद्या बैठकीत पाच निर्मात्यांची अशोकारिष्टे कागद गुंडाळून ठेवली तर आपल्यापैकी कितींना आपली नित्याची बाटली ओळखता येईल? आणि अशोकाच्या सालीऐवजी आसुपालवाची साल विकली जाते हे तर या क्षेत्रात कोणास नवे नाही.

भेसळीचा विषय निघाला म्हणून सांगतो. संग्राहकांच्या जगातही भेसळखोर आहेतच. रूडी कुर्नियावान नावाच्या इसमाने कॅलिफोर्नियातील आपल्या घरी साधी मद्ये मिसळून दुर्मीळ बर्गंडीच्या बाटल्या तयार केल्या आणि कोट्यवधींना विकल्या. मोठमोठ्या जिभा फसल्या. २००८ साली लोराँ पोन्सो या बर्गंडीतील उत्पादकाने लिलावातील स्वतःच्याच घराण्याच्या बाटल्यांवर हरकत घेतली. त्याने चाखून नव्हे, कागदावरून पकडले: ज्या सालच्या बाटल्या विकावयास ठेवल्या होत्या त्या सालांत त्याच्या घराण्याने त्या मळ्याचे मद्य बनविण्यास सुरुवातच केली नव्हती. २०१३ साली कुर्नियावान दोषी ठरला, २०१४ साली त्यास दहा वर्षांची शिक्षा झाली. मळा कोणता, साल कोणते, बाटली कोणाकडून कोणाकडे गेली, ही साखळी नोंदलेली होती म्हणून लबाडी उघडकीस आली. आपल्या बाटलीवर बॅच क्रमांक असतो, परंतु अशोकाची साल कोणत्या जंगलातील, कोणत्या महिन्यात काढलेली, हे विचारले असता दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडे बोट दाखवितो, तो दुसऱ्याकडे, आणि साखळी मुंबईच्या कुठल्यातरी गोदामात संपते.

औषधी दुकानदार बंधूंशी एक गोष्ट स्पष्टपणे बोलावयाची आहे. आसव जितके जुने तितके गुणवान, हे शार्ङ्गधरांचे मत आपण ग्राहकांना फार सोयीस्करपणे ऐकवितो. चरकांनीही नव्या मद्यास गुरू व दोषकर आणि जुन्यास लघू, दीपन व स्रोतोविशोधन म्हटले आहे. वचन खरेच आहे. परंतु जुने होणे म्हणजे केवळ कपाटात पडून राहणे नव्हे. बोर्दोच्या मद्यातील कषाय द्रव्ये वर्षानुवर्षे एकमेकांशी संयोग पावतात, जड होऊन तळाशी बसतात. म्हणून आवळणे कमी होते, जांभळा रंग विटकरी होतो, ताज्या फळाचा गंध जाऊन देवदार, तंबाखू, ओली पाने यांची आठवण देणारा गंध येतो. हे सर्व बारा-तेरा अंश तापमानाच्या, अंधाऱ्या, दमट, न हलणाऱ्या जागेत, बूच ओले राहावे म्हणून आडव्या ठेवलेल्या काचेच्या बाटलीत होते. तीच बाटली उन्हाळ्यात दुकानाच्या दर्शनी फळीवर ठेवली तर एका मोसमात तिचे शिजलेले पाणी होते. फ्रान्समधील बहुतेक मद्य तर थोड्या वर्षांत पिण्यासाठीच केलेले असते. दीर्घकाळ वाढणारे फार थोडे. आपल्या दुकानातील अरिष्टे नागपूर-अकोल्याच्या वैशाखात, त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत, काचेच्या मागे उन्हात उभी असतात. शिवाय आता पुष्कळ माल प्लास्टिकच्या बाटलीत येतो, जीतून प्राणवायू काचेपेक्षा पुष्कळ सहज आत शिरतो. अशा बाटलीचे वय मोजून तिला 'पुराण' म्हणणे हा आचार्यांच्या नावावर केलेला व्यापार आहे.

याच्या उलट चूकही आपण करतो. तळाशी गाळ दिसला की ग्राहक बाटली परत आणतो, दुकानदार निर्मात्यास पाठवितो, आणि निर्माता पुढच्या खेपेस इतके गाळतो की रंगीत पाणी उरते. संग्राहक मात्र गाळ पाहून भीत नाही. बाटली एक दिवस उभी ठेवतो, दिव्यापुढे धरून सावकाश दुसऱ्या भांड्यात ओततो व गाळ मागे ठेवतो. ग्राहकास हे एका वाक्यात सांगता येते. मी सांगतो, आणि बाटल्या परत येणे बंद झाले आहे. उघडलेली मोठी बाटली दोन-दोन महिने पुरवून घेऊ नये, हेही त्याच वेळी सांगतो. अर्ध्या रिकाम्या बाटलीत वारा अधिक असतो.

आता दांभिकतेविषयी. अमेरिकेतील रॉबर्ट पार्कर या समीक्षकाने १९७८ पासून मद्यांना शंभरापैकी गुण देण्याची पद्धत रूढ केली आणि बाजार त्या आकड्यांमागे धावू लागला. २०१८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात रोमाने-कोंतीची १९४५ सालची एक बाटली ५,५८,००० डॉलरला गेली. त्या साली सुमारे सहाशेच बाटल्या भरल्या होत्या, हे खरे. परंतु एवढी किंमत देऊन घेतलेली बाटली बहुधा कोणी उघडत नाही. जे कधीच चाखावयाचे नाही त्याचा संग्रह म्हणजे संग्रह नव्हे, तिजोरी होय. तो भाग आपल्या कामाचा नाही व मला त्याचे कौतुकही नाही.

आणि आता ज्येष्ठांना दिलेले वचन. लाल मद्य हृदयास हितकर असते काय, असे माझ्याकडे महिन्यातून दोन-तीन रुग्ण तरी विचारतात. नाशिककडे द्राक्षमद्याचा उद्योग वाढला तसे हे प्रश्नही वाढले. १९९२ साली 'लॅन्सेट'मध्ये फ्रेंच संशोधकांनी मांडले की, स्निग्ध आहार असूनही फ्रान्समध्ये हृद्रोगाने मृत्यू कमी आहेत व त्याचे कारण मद्य असावे. ती कल्पना जगभर पसरली. द्राक्षाच्या सालीतील रेस्वेराट्रॉल हे द्रव्य नायक झाले. पुढे २०१२ साली अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाने त्या द्रव्यावर काम करणाऱ्या आपल्याच एका संशोधकाने शंभराहून अधिक ठिकाणी माहितीत फेरफार केल्याचे जाहीर केले. २०१४ साली इटलीतील वृद्धांच्या दीर्घ पाहणीत, आहारातून हे द्रव्य अधिक मिळणाऱ्यांचे आयुष्य अधिक किंवा हृद्रोग कमी असल्याचे आढळले नाही. मद्यार्काची कर्करोगकारक म्हणून नोंद तर १९८८ पासूनच आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही असे स्पष्ट केले. खुद्द फ्रान्सने १९९१ पासून मद्याच्या जाहिरातीवर कडक बंधने घातली आहेत.

असे असताना आपल्यातील काही बंधू सुश्रुतांच्या मद्यवर्गातील मार्द्वीकाची स्तुती रुग्णास ऐकवून त्याच्या संध्याकाळच्या पेल्यास शास्त्राचा आधार देतात, हे मला अनुचित वाटते. मार्द्वीक अविदाही असल्यामुळे रक्तपित्तातही निषिद्ध नाही, असे सुश्रुत म्हणतात. ते विधान तुलनेचे आहे, निमंत्रणाचे नव्हे. त्याच परंपरेत चरकांनी मदात्ययासाठी चिकित्सास्थानाचा एक पूर्ण अध्याय खर्ची घातला आहे, तो या मंडळींना आठवत नाही. मद्य सोडलेल्या रुग्णास आपण बेलाशकपणे अरिष्ट लिहून देतो, त्याविषयीही विचार करावा. पंधरा मिलीलिटरमध्ये मद्यार्क अल्प असतो हे खरे, पण वासाने जुनी ओढ जागी झालेला एक तरुण मी पाहिला आहे. त्यानंतर मी प्रथम विचारतो आणि मग औषध ठरवितो. क्वाथ किंवा चूर्ण देऊन भागते.

म्हणजे पिण्याची शिफारस मी करीत नाही. मी त्या तळघरातून थुंकण्याचे भांडे आणि वही आणू इच्छितो.

फ्रान्समध्ये १९८१ पासून एक पेटी मिळते. तीत मद्यात आढळणाऱ्या चोपन्न गंधांच्या लहान कुप्या असतात. शिकणारा डोळे मिटून त्या ओळखतो. आपल्याला तशी पेटी विकत घेण्याचे कारण नाही. मुस्ता, जटामांसी, नागकेशर, प्रियंगु, धायटीची फुले, अशोकाची खरी साल व आसुपालवाची साल, चांगला गूळ व जळका गूळ: प्रत्येक फार्मसीत हे सर्व असतेच. बारा बरण्या पुरतात. मी गेली सहा वर्षे दवाखान्यात आलेल्या प्रत्येक बॅचची एक बाटली उघडून चाखतो, थुंकतो आणि वहीत तीन ओळी लिहितो: रंग, गंध, चव व अनुरस किती टिकला. एक बाटली न उघडता, तारीख घालून, खालच्या अंधाऱ्या खोलीत ठेवतो व वर्षाने उघडतो. या काळात अकरा वेळा मी माल परत पाठविला. दोन निर्मात्यांनी भांडण केले. एकाने मात्र स्वतः तासगावी येऊन माझ्यासमोर चाखले, काही वेळ गप्प राहिला, आणि संधानगृहाच्या छतावरील पत्रे काढून कौले घातली. त्याचे द्राक्षारिष्ट आता मी निःशंकपणे देतो.

त्या आजींकडे मी पुढे स्वतः गेलो. नव्या बाटलीतील चमचाभर त्यांना दिले. त्यांनी बराच वेळ तोंडात धरले, मग म्हणाल्या, "ह्यात मनुका हाय. पर गूळ जुना वापरलाय." निर्मात्यास विचारले असता ते खरे निघाले.

संघटनेच्या आगामी वार्षिक सभेत दुपारच्या सत्रात अशी एक झाकलेली परीक्षा घ्यावी असा माझा प्रस्ताव आहे. द्राक्षारिष्ट, अशोकारिष्ट व दशमूलारिष्ट ही तीनच घ्यावीत. अधिक घेतल्यास जीभ थकते. निर्मात्यांनी प्रत्येकी दोन बाटल्या लेबलाविना, क्रमांक घालून, सभेपूर्वी आठ दिवस चिटणीसांकडे पाठवाव्यात. नावे कोणासमोर वाचली जाणार नाहीत. प्रत्येकास त्याच्या बाटलीविषयीचे अभिप्राय बंद पाकिटात मिळतील. पेले, पाणी, थुंकण्याची भांडी आणि वह्या यांची व्यवस्था मी करीन.